नव्या नळाचे देणे

फ्लॅटचा ताबा देण्याच्या सुमारास बिल्डर जो हिशेबाचा कागद पुढे सरकवतो, त्यात तळाशी एक ओळ असते : ‘वीज, पाणी व ड्रेनेज जोडणी खर्च’. तिच्यासमोर ठोक रक्कम. स्टॅम्प ड्यूटी, रजिस्ट्रेशन, सोसायटीचे शेअर्स, वर्षाचा देखभाल खर्च या भाऊगर्दीत ती ओळ अशी काही मिसळून गेलेली असते की, आयुष्यभराची पुंजी ओतून आणि वर वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन बसलेला माणूस तिथे थबकतच नाही. बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर काढलेल्या वर्षांत असे शेकडो कागद माझ्या नजरेखालून गेले. या रकमेतले नगरपालिकेकडे किती गेले, प्लंबरकडे किती आणि उरलेले कुठे, असे विचारणारा कर्जदार विरळा. आणि विचारलेच असते, तर नीट उत्तर देऊ शकेल असा बिल्डरही विरळाच.

त्या एका ओळीत नगर-अर्थकारणातला एक जुना तंटा दडलेला आहे. रस्त्यातल्या नळापासून इमारतीच्या टाकीपर्यंत पाइप टाकायला लागते ते काय? खोदाई, फेरूल, मीटर, चार दिवसांची मजुरी आणि पुन्हा रस्ता बुजवण्याचा खर्च. ही झाली दिसणारी जोडणी. पण त्या नळातून पाणी यायचे, तर पलीकडे कुठेतरी धरण हवे, जॅकवेल हवी, शुद्धीकरण केंद्र हवे, मैलोन्‌मैल मुख्य जलवाहिनी आणि टेकडीवर उंच टाकी हवी. शिवाय आलेले पाणी जाते कुठे, हा प्रश्न आहेच. आपल्याकडच्या शासकीय निकषाप्रमाणे भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोजी १३५ लिटर पाणी धरतात आणि त्याच्या ऐंशी टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते असे मानतात. म्हणजे पाच माणसांचे एक घर उभे राहिले की रोज पावणेसातशे लिटर पाणी आणायचे आणि पाचशे चाळीस लिटर मैलापाणी वाहून नेऊन शुद्ध करायचे, ही जबाबदारी शहराच्या अंगावर आली. दहा हजार घरे आली तर किती, याचा गुणाकार वाचकांनी करून पाहावा. ही वाढीव क्षमता उभारण्याचा पैसा कोणाच्या खिशातून यायचा?

खिसे मोजके आहेत. एक, आधीपासून राहणाऱ्यांचा, म्हणजे सर्वांचीच पाणीपट्टी वाढवायची. दुसरा सरकारचा, म्हणजे दूरच्या अनोळखी करदात्याचा. तिसरा नव्याने जोडणी मागणाऱ्याचा. चौथाही एक आहे, त्याचा उल्लेख अर्थसंकल्पात नसतो : कोणीच काही उभारायचे नाही आणि ज्याने त्याने टँकर मागवायचा. आपण गेल्या काही दशकांत या चौथ्या खिशाचीच सवय लावून घेतली आहे.

तिसऱ्या खिशाचे शास्त्र बनवले अमेरिकेने. तिथे धरणाला आणि गटाराला केंद्र सरकार कायमचे पैसे पुरवील अशी खात्री नव्हती. जुने रहिवासी दरवाढीला मतपेटीतून उत्तर देत. उपनगरे मात्र फोफावत होती. तेव्हा शहरांनी नव्या घरांवर जोडणी शुल्क बसवायला सुरुवात केली, आणि साहजिकच बिल्डर कोर्टात गेले. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर डनीडिन नावाचे एक लहानसे शहर आहे. त्याने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येक नव्या घरामागे पाण्यासाठी ३२५ डॉलर आणि मलवाहिनीसाठी ३७५ डॉलर मागितले. मीटर बसवण्याचा खर्च वेगळाच. कंत्राटदार व बिल्डरांच्या संघटनेचे म्हणणे असे की, हे शुल्क नव्हे, हा छुपा कर आहे आणि असा कर बसवण्याचा अधिकार शहराला नाही. प्रकरण फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७६ साली निकाल लागला.

तो निकाल माझ्यासारख्या जमाखर्चाच्या माणसाला एखाद्या चांगल्या कथेसारखा वाचनीय वाटतो. न्यायालयाने तत्त्व मान्य केले. नव्या घरांमुळे जी वाढ करावी लागते, तिचा त्यांच्या वाट्याचा खर्च त्यांच्याकडून घेणे न्याय्य आहे. मात्र त्या वाट्यापेक्षा एक डॉलरही जास्त घेता येणार नाही. आणि जमलेला पैसा वाढीवरच खर्च व्हायला हवा, जुन्या झिजलेल्या पाइपांच्या बदलीवर नव्हे. कारण जुने पाइप बदलणे हे जुन्या-नव्या सगळ्यांचेच काम. इथवर शहर जिंकले. पण पुढे ठेच लागली ती वहीत. शहर हा पैसा प्रत्यक्षात वेगळाच ठेवत होते, त्याचा गैरवापर झाला असे कोणी म्हटले नव्हते. तरीही शुल्काचा ठराव न्यायालयाने अपुरा ठरवला. का? तर पैसा कशावर खर्च करता येईल हे ठरावात लिहिलेले नव्हते. आज तिथे बसलेली माणसे सचोटीची असतील, पण माणसे येतात नि जातात, निधी मात्र वर्षानुवर्षे राहतो. मागाहून येणाऱ्याला लेखी बंधन नसेल तर तो पैसा कुठेही वळेल. हा त्या युक्तिवादाचा मथितार्थ. मग शहराने ठराव दुरुस्त केला आणि दोन वर्षांनी तो वरच्या कोर्टात टिकला.

बँकेत आम्हाला पहिल्या वर्षी जे शिकवत, तेच इथे एका न्यायालयाने शहराला शिकवले. पैसा कोणत्या खात्यात आहे यापेक्षा त्या खात्यावर कोणत्या अटी लिहिल्या आहेत हे महत्त्वाचे. खातेदार प्रामाणिक आहे, हा लेखापरीक्षणातला मुद्दा होऊ शकत नाही.

आता आकडा कसा काढायचा. हे थोडे किचकट आहे, पण त्यात गंमत आहे, आणि सगळी भांडणे इथेच असल्यामुळे ते टाळून चालणार नाही. एक काल्पनिक शहर घेऊ. त्याची आजची यंत्रणा पंचवीस हजार जोडण्या पेलू शकते, पण आज जोडण्या आहेत वीस हजार. म्हणजे पाच हजारांची जागा शिल्लक आहे. ही यंत्रणा घसारा वजा जाता चोवीस कोटींची आहे आणि तिच्यावरचे चार कोटींचे कर्ज फिटायचे आहे. राहिले वीस कोटी. भागिले पंचवीस हजार. प्रत्येक जोडणीच्या वाट्याला आठ हजार रुपये. नवा माणूस हे आठ हजार भरतो आणि जुन्या भागीदारांच्या बरोबरीला येऊन बसतो. चालू दुकानात भागीदार म्हणून शिरताना जसे भांडवल आणावे लागते, तसेच हे. चार कोटी वजा का केले? कारण त्या कर्जाचे हप्ते पाणीपट्टीतून फिटणार आहेत आणि ती पाणीपट्टी उद्यापासून नवा माणूसही भरणार आहे. कर्ज वजा केले नाही, तर त्याच्याकडून एकाच धरणाचे पैसे दोनदा घेतल्यासारखे होईल.

दुसरी रीत, शिल्लक जागा संपली असेल तेव्हाची. समजा पुढच्या दहा हजार जोडण्यांसाठी नवे शुद्धीकरण केंद्र आणि जलवाहिनी मिळून तीस कोटी लागणार आहेत. मग दर जोडणीला तीस हजार. त्याच शहरात, त्याच नळाला, एका रीतीने आठ हजार नि दुसऱ्या रीतीने तीस हजार! दोन्ही हिशेब खरे आहेत. पहिल्यात आजोबांच्या काळातल्या स्वस्त धरणाचा वाटा मिळतो, दुसऱ्यात आजच्या महाग धरणाचा. म्हणून बहुतेक ठिकाणी दोहोंची सांगड घालतात. पण कोणत्या रीतीला किती वजन द्यायचे, हे गणितात कुठेही लिहिलेले नाही. ते सभागृहात ठरते. आणि जो सभागृहात बसतो त्याला निवडून देणारा जुना रहिवासी असतो. नवा अजून त्या गावात राहायलाच आलेला नसतो, त्याचे मत मोजले जात नाही. जोडणी शुल्क राजकीयदृष्ट्या लोकप्रिय का, याचे खरे कारण हे आहे.

जाता जाता नळाच्या मापाबद्दल. पुष्कळ ठिकाणी अर्ध्या इंची नळाला अमुक शुल्क आणि एक इंचीला त्याच्या दुप्पट, असा सरळ बाजारी हिशेब असतो. पण व्यास दुप्पट झाला की पाइपाचे तोंड चौपट होते, आणि दाब तोच असेल तर त्यातून वाहणारे पाणी सहापटीच्या आसपास जाते. म्हणजे दुप्पट शुल्क भरून हॉटेल सहापट पाण्यावर हक्क सांगते आणि उरलेली पट अर्ध्या इंचीवाल्यांच्या माथी बसते. अमेरिकेतली बरीच शहरे म्हणूनच मीटरच्या वहनक्षमतेच्या प्रमाणात शुल्क लावतात. हा नगरसेवकांच्या वादाचा विषयच नव्हे, शाळेतल्या भूमितीचा आहे.

शुल्क न्याय्य ठरले, हिशेब बिनचूक जमला, तरी पुढे एक खड्डा आहे, आणि तो ओळखायला बँकेत उमेदवारी केलेली असावी लागते. जोडणी शुल्काचे उत्पन्न घरबांधणीवर अवलंबून. घरबांधणी लहरी. धरणाच्या कर्जाचा हप्ता मात्र दर सहामाहीला, लहर असो वा नसो. लास वेगासच्या पाण्याची व्यवस्था पाहणारे दक्षिण नेवाडाचे जल प्राधिकरण हे याचे ठळक उदाहरण. तेजीच्या वर्षांत नव्या जोडण्यांचा पैसा इतका येत होता की मोठी भांडवली कामे त्याच्या भरवशावर आखली गेली. २००५-०६ साली हे उत्पन्न अठरा कोटी डॉलरच्या वर होते. मग घरांचा फुगा फुटला. अमेरिकेत २००५ साली वीस लाखांहून अधिक नव्या घरांची बांधकामे सुरू झाली होती, २००९ साली साडेपाच लाख. लास वेगासला तर मंदीचा तडाखा सर्वांत जबर. चार वर्षांत त्या प्राधिकरणाचे जोडणी उत्पन्न पन्नास लाख डॉलरच्याही खाली आले.

कामे मात्र थांबवता येण्याजोगी नव्हती. कोलोरॅडो नदीवरच्या मीड सरोवराची पातळी खाली खाली चालली होती. जुन्या दोन तोंडांतून पाणी घेता येणार नाही अशी वेळ आली तर शहर कोरडे पडणार, म्हणून सरोवराच्या तळाजवळून पाणी उचलणारे तिसरे तोंड खोदणे चालू होते. तो बोगदा २०१५ साली पुरा झाला, खर्च ऐंशी कोटी डॉलरच्या वर. मग पैसा आणला कुठून? २०१२ साली सगळ्याच ग्राहकांच्या बिलावर पायाभूत सुविधांचा अधिभार बसला, तोही मीटरच्या आकारावर. आग विझवण्याच्या नळाला मीटर मोठे लागते, पाणी मात्र कधी वापरले जात नाही. अशा मीटरवाली चर्चेस आणि लहान दुकानदार हातात बिले घेऊन ओरडत आले. नव्यांनी नव्याचे द्यावे, हे तत्त्व असे मंदीत बुडाले आणि जुन्यांच्या दारात तरंगत आले. आमच्या बँकेत एखाद्या व्यापाऱ्याने दिवाळीतल्या गल्ल्याच्या भरवशावर बारमाही हप्त्याचे कर्ज मागितले असते, तर शाखाधिकाऱ्याने त्याला चहा पाजून परत पाठवले असते.

गरिबाचे काय? या प्रश्नाचे उत्तर ब्यूनोस आयर्समध्ये मिळते. १९९३ साली तिथले पाणी नि गटार फ्रेंच कंपनीच्या पुढाकाराखालच्या एका खाजगी संस्थेकडे तीस वर्षांच्या करारावर गेले. आधीच्या ग्राहकांचा दर करारानेच पंचवीस टक्क्यांहून अधिक उतरला. टाळ्या पडल्या. विस्ताराचा खर्च मात्र नव्या जोडण्यांवर टाकलेला होता, आणि ज्यांना जोडणी नव्हती ती वस्ती शहराच्या कडेची, हातावर पोट असणाऱ्यांची. शेकडो डॉलरचे पायाभूत शुल्क त्यांना झेपेना. थकबाकी वाढली, मोर्चे निघाले. १९९७ साली करार बदलावा लागला, ते शुल्क काढून सर्वच ग्राहकांच्या बिलात एक ठरावीक आकार घालावा लागला. आता ओरडायची पाळी जुन्या ग्राहकांची होती. २००६ साली तर करारच सरकारने रद्द केला, त्याची कारणे आणखीही होती. पण शहाण्या माणसांनी कागदावर आखलेला सुंदर हिशेब कुठे मोडतो, ते त्या पहिल्या चार वर्षांतच दिसले होते. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टने मुळातच उलटा रस्ता धरला होता. तिथे सर्वांच्या बिलातून एक लहानसा अधिभार जमवून त्यातून गरीब घरांना नाममात्र दरात जोडणी देत. त्याला ‘सामाजिक जोडणी’ म्हणत. शब्द साधा आहे, पण पुष्कळ काही सांगून जातो.

हे सारे परदेशातले, आपल्याकडे लोक पैसे भरतच नाहीत, असे म्हणणाऱ्यांसाठी चेन्नईच्या कडेचे आलंदूर आहे. विमानतळाजवळचे हे गाव त्या वेळी स्वतंत्र नगरपालिका होते, वस्ती दीड लाखाच्या आसपास. भुयारी गटार नाही. घरोघर सेप्टिक टँक, ते उपसणाऱ्या गाड्या, रस्त्याकडेच्या उघड्या गटारी आणि डास. १९९६ साली निवडून आलेले नगराध्यक्ष आर. एस. भारती यांनी भुयारी गटार योजना मनावर घेतली. खर्च चौतीस कोटींच्या घरात. नगरपालिकेची ऐपत तेवढी नव्हती, राज्य सरकार सगळे देणार नव्हते. मग ठरले की लोकांकडूनच आधी पैसे घ्यायचे. घरामागे पाच हजार, व्यापारी वापराला दहा हजार. शिवाय गटार चालू झाल्यावर महिन्याला सुमारे दीडशे रुपये आकार. १९९० च्या दशकातले पाच हजार! त्या काळी कारकुनाच्या एका महिन्याच्या पगाराला ते भारी पडत.

नगरपालिकेने ठराव करून थेट नोटिसा धाडल्या नाहीत. आधी घरोघर विचारणा केली : तुम्हाला हे हवे आहे का, आणि हवे असेल तर द्याल का? बहुसंख्यांनी होकार दिला. मग रहिवासी संघांना बरोबर घेऊन प्रत्यक्ष वसुलीची मोहीम काढली. पैसे आधी जमू लागले, राज्यातल्या नगर-वित्त संस्थांकडून कर्ज मग मिळाले, आणि २००० साली खोदाई सुरू झाली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या आपल्या नगरपालिकांची चाल आठवून पाहा. योजना मंजूर, अनुदान मंजूर, नारळ फुटला, नाव कोरले, आणि लोकवर्गणीचा भाग कायम ‘येणे बाकी’च्या रकान्यात. आलंदूरने तो क्रम उलटा केला, एवढेच. पण त्या उलट्या क्रमात धनकोच्या दृष्टीने फार मोठा अर्थ आहे. हजारो घरांनी आधीच पाच-पाच हजार मोजले आहेत म्हणजे उद्या ती घरे जोडणी घेणार, महिन्याचा आकार भरणार. सरकारी हमीपत्रापेक्षा ही पावत्यांची चळत मला जास्त भरवशाची वाटते. शिवाय ज्याने पाच हजार भरले, तो खोदाईचे काम रखडले की नगरपालिकेत जाऊन आवाज चढवतो. अनुदानाच्या गटारावर कोण आवाज चढवणार?

एक खोड काढायची तर शब्दाची. त्या रकमेला ‘अनामत’ म्हटले गेले. बँकेत अनामत ही देणे-बाजूला लिहितात, ती परत करायची असते. इथे व्यवहारात ते जोडणी शुल्कच होते. गोड शब्दाने वसुली सोपी होते हे खरे, पण सार्वजनिक पैशाच्या पावतीवर तरी नेमका शब्द असावा.

आता आपल्याकडे यायचे. महाराष्ट्रात या तिसऱ्या खिशाला कायद्याचे दार १९९२ साली उघडले. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात विकास आकाराचे नवे प्रकरण घातले गेले. जमीन विकसित करणाऱ्याकडून, बांधकाम करणाऱ्याकडून आकार घ्यावा, तो वेगळ्या विकास निधीत ठेवावा, आणि सार्वजनिक सुविधांसाठी वापरावा, अशी योजना. वेगळा निधी म्हटले म्हणजे डनीडिनचा अर्धा धडा आपण गिरवला. अर्धाच अशासाठी की ‘सार्वजनिक सुविधा’ हा शब्द समुद्रासारखा आहे. त्यात रस्ता येतो, बाग येते, पूल येतो, पाणीही येते. अमुक पेठेतल्या इमारतीने भरलेला आकार अमुक जलवाहिनीत गेला, असे बोट ठेवून दाखवण्याची सोय त्यात नाही. पुढे हा आकार जमिनीच्या सरकारी मूल्याशी, म्हणजे रेडी रेकनरशी टक्केवारीने जोडला गेला. वसुली सोपी झाली, भाव वाढेल तसे उत्पन्न आपोआप वाढू लागले. पण मूल्य आणि पाणी यांचा संबंध काय? कोरेगाव पार्कातल्या चौघांच्या घराला आणि फुरसुंगीतल्या चौघांच्या घराला पाणी जवळपास तेवढेच लागते, उलट फुरसुंगीपर्यंत पाइप लांबवर न्यावा लागतो. पहिल्या ठिकाणी आकार कितीतरी जास्त, दुसऱ्या ठिकाणी कमी. श्रीमंताकडून जास्त घेतले म्हणून कोणाला बरे वाटेल, मलाही वाटते. पण मग त्याला कर म्हणावे. वाढीच्या खर्चाचा वाटा म्हणू नये. २०१५ साली तर मेट्रोसारखे वाहतूक प्रकल्प जिथे येणार, तिथे हाच आकार दुप्पट करण्याची तरतूद झाली. सोयीचा खिसा एकदा सापडला की त्यात सगळ्यांचेच हात जातात.

स्वतंत्र वहीची आपल्याला माहिती नाही, असेही नाही. मुंबई महापालिकेत १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जाच्या निमित्ताने पाणी आणि मलनिःसारणाचा ‘जी’ नावाचा वेगळा अर्थसंकल्पच सुरू झाला. धनकोने अट घातली की आपल्याला शिस्त लागते. नागरिकाने तीच अट घातली तर तो अडवणूक करतो असे म्हणतात.

पुण्याभोवती काय झाले ते पाहा. २०१७ साली अकरा गावे शहरात आली, २०२१ साली आणखी तेवीस. या गावांत इमारती आधी आल्या, परवानग्या आधी मिळाल्या, आकार आधी भरले गेले, फ्लॅट विकले गेले. पाणी मागाहून येणार होते. शहराच्या कडेच्या कितीतरी प्रकल्पांत बिल्डर लिहून देतो की, पालिकेचे पाणी येईपर्यंत पाण्याची सोय मी करीन. हे हमीपत्र म्हणजे आपल्या नगररचनेतला एक विलक्षण साहित्यप्रकार आहे. कादंबरीकार म्हणून मला त्याचा हेवा वाटतो, इतकी कल्पनाशक्ती त्यात एका परिच्छेदात मावते. सोसायटी स्थापन झाली, बिल्डर पुढच्या प्लॉटवर गेला की ‘सोय’ सोसायटीच्या अंगावर येते आणि टँकरची बिले मासिक देखभालीत मुरतात. त्या घरमालकाने विकास आकार भरला, फ्लॅटच्या किमतीतून बिल्डरने तो वसूल केला, तळाच्या ओळीतली ठोक रक्कमही गेली, वर वर्षानुवर्षे टँकर. पाण्याच्या एका क्षमतेचे पैसे त्याने तीनदा मोजले आणि ती क्षमता अजून उभी राहिलेली नाही. कॅलिफोर्नियात १९८७ च्या कायद्यानुसार विकास शुल्काचा पैसा पाच वर्षे पडून राहिला, तर तो अजून का लागतो आणि कशाला, हे शहराला जाहीर निष्कर्ष काढून सांगावे लागते, नाहीतर परत द्यावा लागतो. पाणी आणि मलवाहिनीच्या क्षमता शुल्काचा तर जमा-खर्च दरवर्षी वेगळा प्रसिद्ध करावा लागतो. आपल्या कायद्यात ही दोन वाक्ये घालायला कोणत्याही परदेशी कर्जाची गरज नाही.

या गावांबाबत आणखी एक अडचण आहे. नव्याने येणाऱ्याने पैसे द्यावेत म्हणताना तिथे नवा कोण? पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारे, विहिरीवर भागवणारे घर गाव सोडून कुठे गेले नाही. शहरच चालत त्याच्याकडे आले, त्याची विहीर सांडपाण्याने नासली, आणि आता नळासाठी त्यानेच अर्ज करायचा. त्याला जोडणी शुल्काच्या रांगेत नव्या टॉवरच्या मागे उभे करणे हिशेबात बसेल, न्यायात बसत नाही. ‘सामाजिक जोडणी’ची खरी जागा ही आहे, आणि दुसरी जागा झोपडपट्टीची. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट सांगितले की, वस्ती अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही, पालिकेला हवा तर वेगळा दर लावता येईल. सर्वांसाठी पाणी असे धोरण मुंबई महापालिकेने जाहीर केले ते २०२२ साली. त्या आठ वर्षांत पिंपाने पाणी विकत घेणाऱ्या घराने लिटरमागे जो भाव मोजला, तो मलबार हिलच्या नळापेक्षा किती पट होता हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. या माणसाला एकरकमी शुल्क मागणे म्हणजे त्याला पुन्हा पिंपाकडे ढकलणे. त्याचे शुल्क बिलात घालून पाच वर्षांच्या हप्त्यांत घ्यावे. ज्याला पिंप परवडते त्याला तो हप्ता नक्की परवडतो, आणि वसुलीचा माझा अनुभव सांगतो की लहान हप्त्याचा गरीब कर्जदार बँकेला क्वचितच बुडवतो.

जुन्या शहरवासीयांचा एक आक्षेप मात्र माझ्या गळी उतरत नाही. आम्ही आमच्या पाण्याचे पैसे दिले, आता त्यांनी त्यांचे द्यावेत, असे ते म्हणतात. मुंबईचा विहार तलाव १८६० चा, तानसा १८९२ चा. तानसाचे पाणी आज पिणाऱ्यांपैकी कोणी त्या धरणाला पैसा दिला? तो दिला एका जुन्या मुंबईने, जिची नातवंडे-पतवंडेही आता शहरात सापडणे कठीण. पुण्याच्या खडकवासल्याचीही तीच गोष्ट. वारसाहक्काने आलेल्या धरणावर बसून नव्या भाडेकरूकडून आजच्या बाजारभावाने पागडी मागू नये. म्हणूनच मघाच्या काल्पनिक शहरात मी आठ हजारांच्या रीतीकडे झुकतो, तीस हजारांचा भार फक्त तिथेच टाकतो जिथे शहर आपली हद्द ओलांडून मोकळ्या माळावर टॉवर उभे करू देते. माळावर टॉवर हवाच असेल, तर त्याचे पाणी कोणत्या केंद्रातून, कोणत्या वाहिनीतून आणि कोणत्या वर्षी येणार, हे बांधकाम परवानगीच्या कागदावर लिहिलेले असावे, आणि घेतलेल्या शुल्काच्या पावतीवर त्या वाहिनीचे नाव. ते वर्ष उलटून गेले तर सोसायटीने ती पावती पालिकेच्या पाणीपट्टीतून वळती करून घ्यावी, टँकरची बिले जोडून.